धुणार कोण, ते आधी सांगा

कापडी डायपर कुठल्या कंपनीचे घेऊ, किती घेऊ, टिचबटणाचे बरे की वेल्क्रोचे? पोटुशी मुलगी हे विचारायला आली की मी तिला एकच उलटा प्रश्न करते : धुणार कोण? ती नवऱ्याकडे बघते. नवरा मोबाइलमध्ये बघत असतो. हत्तींचे, ढगांचे, अननसांचे डझनभर डायपर त्याने कार्टात टाकलेले असतात आणि निवडीचं काम उरकलं, अशी त्याची समजूत असते.

निवड अजून सुरूसुद्धा झालेली नाही. नक्षी, कंपनी, सवलतीचं कूपन हे सगळं नंतरचं. बाळाची शी-शू रोज कुणाच्या तरी हाताखालून जाणार आहे. तो हात कुणाचा, हे ठरेपर्यंत दुकानात पाऊल टाकू नये. आपल्याकडे हे कधीच ठरवलं जात नाही, गृहीत धरलं जातं. आणि गृहीत धरलेला हात नेहमी बाईचाच असतो.

‘आमच्या वेळी कुठे होते डायपर, लंगोटावरच वाढलो आम्ही,’ असं बारशाला हमखास ऐकू येतं. बोलणारे काका असतात. लंगोटावर वाढले हे खरं, पण ते धुतले कुणी? पहिले काही आठवडे तान्हं बाळ दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज भिजवतं. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा चौकोन फाडायचा, त्रिकोणी घडी घालायची, कमरेशी गाठ मारायची, की लंगोट तयार. पण तो बदलायचा, मोरीत खळखळून धुवायचा, पिळायचा, दांडीवर वाळत घालायचा, आणि पावसाळा असेल तर शेगडीच्या उबेवर धरायचा. हे करणाऱ्या आज्या, मावश्या आणि मोलाने ठेवलेल्या बाया त्या बारशातही स्वयंपाकघरातच असतात. जुन्या लंगोटाचं कौतुक करायचा अधिकार ज्यांनी तो पिळला त्यांना. बाकीच्यांनी पेढे खावेत.

तरीही पहिला दीड-दोन महिना मी लंगोटाच्याच बाजूने बोलेन. त्याचं एक कारण सुईणींपासून बालरोगतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध पुरतंय की नाही, हे कळायची घरातली सगळ्यात सोपी खूण म्हणजे शू. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर शू झाली आणि तिचा रंग फिकट असला, तर दूध पोचतंय. कमी झाली, गडद पिवळी दिसली, तर डॉक्टरांना दाखवायचं. साधा लंगोट हे लगेच सांगतो. हाताला ओल लागते, मोजता येतं. जेलवाल्या डायपरमध्ये तान्ह्याची चमचाभर शू कुठे मुरते ते कळतसुद्धा नाही. नव्या आईला ‘दूध कमी पडतंय’ म्हणून घाबरवणाऱ्या नातेवाइकांना गप्प करायला भिजलेल्या लंगोटांचा आकडा पुरेसा असतो. तो आकडा हातचा घालवू नका.

डिस्पोजेबल डायपर वाईट म्हणून त्याला शिव्या घालायला मी बसलेली नाही. त्याच्या आधीची एक पायरी एका आईच्या त्राग्यातूनच आली. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईने न्हाणीघराच्या प्लास्टिक पडद्याचं कापड शिवून लंगोटावर चढवायचं आवरण केलं. 1949 मध्ये ते न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू या बड्या दुकानात विकायला आलं, 1951 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आज आपण ज्याला डायपर कव्हर म्हणतो ते त्याच घराण्यातलं. पुढे 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आले, आणि 1980 च्या दशकात त्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड आली. पाणी लागलं की फुगून जेल होणारी. तिथून डायपर पातळ झाला आणि जाहिरातीत बारा तासांचा झाला.

या बारा तासांवर मात्र माझा राग आहे. जेल शू धरून ठेवतं, शी नव्हे. शू आणि शी एकत्र आली की अमोनिया सुटतो, त्वचेवरचा आम्लधर्मी थर बिघडतो, शीमधली पाचक द्रव्यं जोर धरतात आणि जांघेत लालबुंद पुरळ उठतं. डायपर कापडाचा असो की कारखान्याचा, दर दोन-तीन तासांनी बघायचा आणि शी झाली की तिथल्या तिथे बदलायचा. बारा तास झोप हवी असते आईबापांना, आणि ती हवी असण्यात काही गैर नाही. पण ती बाळाच्या कातडीवर उधार घ्यायची नसते. पुरळ जांघेच्या वळ्यांत पसरलं, कडेला सुटे लाल ठिपके दिसायला लागले, तर ती बहुधा बुरशी असते. तिथे घरगुती लेप लावत बसू नका, दवाखाना गाठा.

आता फेकून देण्याविषयी. ‘वापरा आणि फेका’ यातलं फेकणं आपल्या दारातल्या डब्यापाशी संपतं. डायपर तिथे संपत नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 पासून आहे आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून घरोघरचा कचरा गोळा करते. या बायांनी घराघरांत जाऊन सांगितलं : डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. एवढंच मागणं. स्केचपेनचा एक ठिपका. तो न काढणारी माझ्या ओळखीतली घरं उच्चशिक्षित आहेत, बाळासाठी सेंद्रिय नाचणी मागवणारी आहेत. वर्गीकरणाच्या ठिकाणी एकदा उभं राहून बघावं. दुधाच्या पिशव्या, कुरिअरचे खोके आणि त्यांच्यामध्ये फुगून जड झालेला, चिकटपट्टी सुटलेला, उघडा डायपर. खोक्याला लागलेली शी पुसूनच तो खोका भंगारात विकता येतो. म्हणजे बाळाची शी कुणीतरी धुतलीच. फक्त तिला आपण ताई म्हणत नाही, आणि तिला हातमोजे मिळतीलच याची खात्री नाही.

2013 मध्ये याच कष्टकरी बायांनी वापरलेल्या पॅडची पोती भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत धाडली होती. 2016 च्या घनकचरा नियमांत मग लिहिलं गेलं की उत्पादकांनी एकतर सगळा माल पुनर्वापर होण्याजोगा करायचा विचार करावा, नाहीतर प्रत्येक डायपरसाठी गुंडाळायची पिशवी पाकिटासोबत द्यावी. तुमच्या पाकिटात पिशवी निघते का? नसेल निघत तर ग्राहक तक्रार क्रमांक पाकिटावर छापलेला असतो, तो फिरवा. नियम कंपनीसाठी आहे, आपण तो विचारत नाही म्हणून कंपनीचं फावतं.

कापडी डायपर विकणाऱ्यांनीही मात्र थोडं खरं बोलावं. ‘डिस्पोजेबल डायपर कुजायला पाचशे वर्षं लागतात’ हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. पॅम्पर्स 1961 चे आहेत. पाचशे वर्षं कुणी मोजली? प्लास्टिक लवकर कुजत नाही, हे तेवढंच सांगितलं तरी पुरतं. त्याला फुगवायची गरज नाही. आणि कापडी डायपर म्हणजे आपोआप पर्यावरणाचं भलं, हेही खरं नाही. ब्रिटन सरकारच्या 2008 च्या अभ्यासात एका बाळाच्या अडीच वर्षांचा कार्बनचा हिशेब मांडला होता : डिस्पोजेबलचा सुमारे 550 किलो, कापडीचा सुमारे 570. जवळजवळ सारखाच! कारण तिकडे पाणी तापवून धुतात आणि विजेच्या ड्रायरमध्ये वाळवतात. मशीन पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं, दुसऱ्या बाळालाही तेच वापरले, तर कापडीचा आकडा दोनशे किलोंनी खाली येतो, हेही त्याच अभ्यासात आहे. 2023 च्या नव्या हिशेबात कापडी डायपर चतुर्थांशाने सरस ठरले. आपल्याकडे दोरी आहे, ऊन आहे, थंड पाण्यात धुवायची सवय आहे, धाकट्याला थोरल्याचं घालायची रीत आहे. आपण आधीच पुढे आहोत. मग तीस डायपरांचा नक्षीदार संग्रह करून ही आघाडी का घालवायची?

तर घ्यायचे कुठले? बाजारात नावं पुष्कळ, पण आत दोनच गोष्टी असतात : ओल धरणारं कापड आणि ओल अडवणारं आवरण. आवरण बहुतेक वेळा पीयूएलचं, म्हणजे पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हो, तेही प्लास्टिकच आहे, फक्त रोज फेकायचं नाही. दोन्ही सुटं घेतलं की कव्हर आणि घडीचं कापड, पिशवीसारखी शिवण करून आत पट्टी सरकवली की पॉकेट, सगळं एकात शिवलं की ऑल-इन-वन. ऑल-इन-वन घालायला सगळ्यात सोपा, आजोबासुद्धा घालतील. वाळायला मात्र सगळ्यात उशीर त्यालाच. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जूनमध्ये जाऊ नये. तिथे कव्हर आणि सुटं सुती कापड. कापड पंख्याखाली पसरून वाळतं, कव्हर नुसतं झटकून थोड्या वेळात तयार होतं, आणि शी लागली नसेल तर तेच कव्हर दोन-तीनदा चालतं. बाळ जून-जुलैत येणार असेल तर ही एकच सूचना लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

खरी परीक्षा आतल्या पट्टीची, आणि दुकानदार तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोलतो. मायक्रोफायबर स्वस्त, झटकन ओल शोषतं, झटकन वाळतं. पण दाब पडला की ओल बाहेर सोडतं, आणि ते थेट कातडीला लागू द्यायचं नसतं, कातडीतली ओलसुद्धा ओढून घेतं. पॉकेटच्या आतच ठेवायचं. सुती पट्टी भरवशाची. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीतल्या झाडाच्या तंतूचं कापड, सगळ्यात जास्त धरतं, पण सावकाश. म्हणून रात्री वर सुती आणि खाली हेम्प. सुती किंवा हेम्पची कोरी पट्टी आणल्या आणल्या घातली तर गळणारच, कारण तिच्यात अजून नैसर्गिक तेलकटपणा असतो. चार-सहा धुणी झाल्याशिवाय ती पूर्ण शोषत नाही. पहिल्याच दिवशी गादी भिजली म्हणून ‘कापडी काही खरं नाही’ असा निकाल देणारी घरं इथेच चुकतात.

मापही बघून घ्या. ‘तीन ते सतरा किलो, एकच साइज’ असं लिहिलेलं असतं. तीन किलोच्या बाळाच्या मांडीशी तो डायपर पोकळ राहतो आणि तिथूनच गळतो. इलास्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, चड्डीसारखं मांडीवर नको. मांडीशी करंगळी जाईल इतपत सैल, पोटाशी दोन बोटं. म्हणून म्हणते, सुरुवातीला लंगोट, आणि बाळ पाच किलोंच्या पुढे गेलं की हे. आधी दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारचे घ्या, आठवडाभर वापरा, मग जो बसला त्याचे घ्या. दिवसाला आठ बदल आणि दिवसाआड धुणं धरलं तर सोळा-वीस पुरतात. एकाला पाचशे रुपये धरा, दहा हजार झाले. डिस्पोजेबल दिवसाला सहा आणि एक दहा रुपयांना धरला तरी वर्षाचे 21,900 होतात. तुमच्या दुकानातले भाव घालून हा हिशेब पुन्हा करा. आणि धुणारीच्या, किंवा धुणाऱ्याच्या, वेळेला त्यात शून्य रुपये लावू नका.

‘एवढं जाड फडकं पायात, पाय फेंगडे होतील,’ असं सासूबाई म्हणाल्या तर त्यांना प्रेमाने सांगा, होत नाहीत. तान्ह्या बाळाचे पाय जन्मतःच बाकदार असतात, दीड-दोन वर्षांनी सरळ व्हायला लागतात, डायपर घाला की घालू नका. उलट पाय बेडकासारखे फाकलेले असणं खुब्याच्या सांध्याला बरंच. धोका आहे तो पाय सरळ करून घट्ट गुंडाळून ठेवण्यात. दुपट्यात गुंडाळताना हात आत घ्या, कमरेखाली सैल सोडा.

आता धुणं. शी संडासात गेली पाहिजे, मोरीत नाही, मशीनमध्ये तर नाहीच. डिस्पोजेबल वापरणाऱ्यांनीही हेच करायचं असतं, करत नाहीत ही गोष्ट वेगळी. यासाठी परदेशात लोक नळाला जोडायचा खास फवारा विकत घेतात; आपल्या संडासात तो भिंतीला आधीपासूनच टांगलेला आहे. डायपर भांड्यावर धरायचा, वरून खाली फवारा मारायचा, पिळून बादलीत टाकायचा. झाकण घट्ट लावू नका, भिजत घालून ठेवू नका. बंद ओलीत वास मुरतो, पीयूएल खराब होतं. अंगावरच्या दुधाची पिवळी शी पाण्याने सहज जाते, डाग उरला तर पट्टी उन्हात टाका, ऊन तो खाऊन टाकतं. खरा प्रश्न सहा महिन्यांनंतर, वरणभात आणि नाचणीचं सत्त्व सुरू झालं की. तेव्हा आत पातळ लाइनर टाका, शी त्याच्यासकट उचलली जाते. लाइनर मात्र संडासात सोडू नका, ड्रेनेज तुंबतं.

आणि तेल! आपल्याकडे बाळाला रोज तेल लावतात, खोबऱ्याचं, तिळाचं, बदामाचं, चांगलं चोळून. त्याच अंगावर डायपर चढवला की तेल पट्टीत उतरतं आणि तेलकट पट्टी पाणी शोषत नाही. जाड मलमांचंही तेच. महिन्याभरात सगळे डायपर गळायला लागतात आणि दोष कंपनीला जातो. न्हाऊमाखू झाल्यावर बाळाला तासभर नुसत्या दुपट्यावर मोकळं पडू द्या. कातडीलाही वारा लागतो, पुरळावर त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही. सुगंधी सॉफ्टनर घालू नका, त्याचाही थर बसतो. उकळत्या पाण्यात बुडवू नका, इस्त्री फिरवू नका, आवरणाचा थर सुटतो. बोअरचं जड पाणी असेल तर पट्ट्या कडक होतात, साबण नीट निघत नाही. शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा पावसाचं घ्या. पट्ट्या उन्हात, कव्हर सावलीत.

जिथे पाणीच नाही तिथे यातलं एक अक्षरही कुणी कुणाला सुनावू नये. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. टँकरच्या दोन हंड्यांतला एक हंडा लंगोटाला घालणाऱ्या बाईने डिस्पोजेबल घेतला, तर तो तिचा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. रात्रीला एक डिस्पोजेबल, प्रवासाला दोन, बाळ आजारी असताना सगळेच, असं करणाऱ्या घरांनाही कुणी पापाचे धनी ठरवू नये. दिवसाचे चार डायपर कापडी झाले तरी आठवड्याला अठ्ठावीस फुगलेले गोळे त्या वर्गीकरणाच्या ढिगातून कमी होतात.

राहिला हाताचा प्रश्न. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाची 15 दिवसांची भरपगारी रजा मिळते. खासगी नोकरीत तशी सक्ती करणारा कायदा नाही, कंपनी देईल तेवढी. जेवढी मिळेल तेवढ्या रजेत बाबाने हे एक खातं पूर्ण आपल्याकडे घ्यावं : गोळा करणं, फवारा मारणं, मशीन लावणं, वाळत घालणं, घडी करून पुन्हा पट्टी सरकवून ठेवणं. ‘मदत’ म्हणून नव्हे, आपलं काम म्हणून, रजा संपल्यावरही. बाईचं पोट फाडून किंवा टाके घालून बाळ बाहेर आलेलं असतं. तिला बादली उचलायची नसते, वाकायचं नसतं, आणि बाळाला पाजण्यात तिचे तास जात असतात. पट्टी पिळायला दोन धड मनगटं लागतात, ती बाबाकडे असतात. घरकामाच्या मावशींवर हे ढकलू नका. त्या ‘शीचे कपडे धुणार नाही’ म्हणाल्या तर त्यांचं बरोबर आहे. धुवायला तयार झाल्या तर शी आधी तुम्ही काढा आणि पगार वाढवा.

आईची रजा 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांना 26 आठवडे आहे. ती संपली की पाळणाघर, आणि तिथे पहिल्याच दिवशी सांगतात, ‘आम्ही कापडी घेत नाही.’ अनामत रक्कम भरण्याआधी हे विचारून घ्या. त्यांच्या ताईंनी डायपर धुवावेत असं कुणीच म्हणत नाही. आतून आवरण लावलेली, चेनची एक पिशवी बाळाच्या दप्तरात ठेवायची, वापरलेला डायपर गुंडाळून तिच्यात टाकायचा आणि संध्याकाळी घरी परत द्यायचा, एवढंच त्यांचं काम. डिस्पोजेबल उघडून घालायला लागतो तेवढाच वेळ टिचबटणाला लागतो. एकदा समोर करून दाखवा. नक्षी निवडणाऱ्या बाबानेच दाखवावं, आणि संध्याकाळी ती पिशवीही त्यानेच उघडावी.